शब्दाचं शेपूट

"बाई, मी पप्या मारलं."

दादू हे सांगायला आला तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती आणि मी खाली मान घालून शालेय पोषण आहाराच्या वहीत आकडे भरत होते. मान वर न करताच म्हणाले, "मारलंस ना? मग जा, दाराजवळ उभा राहा." तो गेला आणि उभा राहिला. पुढचा सगळा तास तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवत होते. शाळा सुटताना एक मुलगी माझ्या टेबलाशी घुटमळली. "बाई, दादूनं न्हाई मारलं. पप्यानंच दादूला मारलंय. त्याचा ओठ बगा की."

ओठ फुटलेला होता. रक्त सुकून हनुवटीवर काळं पडलं होतं.

लेकरानं मला खरं तेच सांगितलं होतं. कुणी, कुणाला, काय केलं, सगळं त्या वाक्यात होतं. फक्त 'मला'मधला 'ला' आणि 'पप्यानं'मधला 'नं' ही दोन अक्षरं नव्हती. तेवढ्यावर मी मार खाल्लेल्याला शिक्षा दिली आणि मारणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवून वजाबाकी शिकवली. एकोणीस वर्षं शिकवल्यानंतर.

(दोघांची नावं अर्थातच बदलली आहेत. गावाचंही सांगत नाही. किल्ले धारूरहून घाट उतरायला लागलं की जी गावं आणि वस्त्या लागतात त्यांतलं एक, एवढं पुरे.)

दादू तेव्हा तिसरीत होता. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि आमच्या वर्गातली निम्मी आई-बापं कारखान्यावर जातात. काही लेकरं बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आज्यापाशी. दादू आजीपाशी राहायचा. शाळेत त्याला 'मुकं' म्हणायचे. मुका तो नव्हता, पण दोन-तीन शब्दांपलीकडं बोलत नसे. हातवारे करायचा, बोट दाखवायचा, ओढत न्यायचा. दुसरीच्या शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'अभ्यासात मंद.' आता त्या शब्दाकडं बघवत नाही. कारण हाच दादू दुकानातून सुटे पैसे न चुकता मोजून आणायचा, माझ्या स्कुटीचा प्लग काढून पुसून परत बसवायचा आणि चिखलाचा बैल असा करायचा की वशिंडाचा कल डावीकडं की उजवीकडं तेही त्यात दिसे.

सुरुवात कानापासून केली. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात त्याला घेऊन गेले, आजी बरोबर. कान उत्तम निघाले. पुढं एका वाचाउपचारतज्ज्ञ ताईंची गाठ पडली. त्यांनी त्याला तासभर खेळवलं, बोलवलं, चित्रं दाखवली. मग एक गंमत केली. अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावले. 'मेबू'सारखा दोन अक्षरी शब्द त्यानं लगेच म्हटला. 'तापुगली' म्हटल्यावर 'तागली' आलं. 'बिडोसमेकाटी' म्हटल्यावर तो त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. नंतर वाक्य: "ज्या बाईनं भाकर केली ती रानात गेली." दादू म्हणाला, "बाई भाकर रान गेली."

ताई म्हणाल्या, "बुद्धी ठीक आहे, कान ठीक आहेत, लेकरू माणसांत मिसळतंय. भाषेचंच यंत्र वेगळं चालतंय." त्यांनी नाव सांगितलं: विकासात्मक भाषा विकार. हे नाव तसं नवं आहे. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७च्या सुमारास त्यावर एकमत केलं. त्याआधी एकाच गोष्टीला डझनभर नावं होती. इंग्लंडमधल्या पाहणीत पहिलीच्या वयाच्या मुलांत शेकडा सातच्या आसपास मुलं अशी निघाली. माझ्या वर्गाचा पट अठ्ठावीस. हिशेब करून मी गप्प बसले. म्हणजे एकोणीस वर्षांत किती दादू माझ्या हाताखालून 'मंद' होऊन गेले?

आजीला मात्र यात नवल वाटलं नाही. परतताना एसटीत म्हणाली, "मव्हा सासरा असाच व्हता. समदं कळायचं त्याला, सांगता यायचं न्हाई. गडी कामाला वाघ." ताईंनीही तेच विचारलं होतं, घरात आणखी कुणी आहे का. हा विकार पुष्कळदा रक्तातून येतो.

कागदपत्रांचं सांगून टाकते, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात 'वाचा व भाषा' हा एक आहे, पण त्याच्या व्याख्येत उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढलेल्या माणसाची आणि मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्याची. अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्लेक्सियाच्या मागं विकासात्मक वाचादोषाचा एक जुना शब्द येतो, त्यात दादूसारख्याला बसवता येईल. पण आमच्याकडं अध्ययन अक्षमता म्हटलं की उलटं 'स' काढणारं लेकरूच सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येतं. दादू अक्षरं बरी काढायचा. मोठ्यानं वाचायला दिलं तर परिच्छेद घडाघडा वाचायचा आणि कशाबद्दल होतं ते विचारलं की खिडकीबाहेर बघायचा. तपासणीला येणारे साहेब शब्द मोजतात; शब्द तर बरोबर होते.

आता व्याकरणाकडं येते. मला व्याकरण येतं असा माझा समज होता. तिसरी-चौथीच्या पोरांकडून 'द्वितीया स, ला, ते; तृतीया ने, ए, शी' मी सुरात पाठ करून घेत असे. दादूही त्या सुरात होता, आणि त्याचा सूर चांगला होता. सगळं कोष्टक तोंडपाठ म्हणून तो खाली बसायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "मामा गाव जातो मी." औषधाची यादी पाठ आणि ताप तसाच, असा तो प्रकार.

ताईंच्या बोलण्यातून आणि पुढं स्वतःच्या वहीत त्याची वाक्यं लिहून ठेवता ठेवता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मराठीत सगळा कारभार शब्दाच्या शेपटाला असतो. इंग्रजीत कोण आधी आलं त्यावरून कोणी कोणाला मारलं ते कळतं. मराठीत 'पप्यानं मला मारलं', 'मला मारलं पप्यानं', 'मारलं की पप्यानं मला' कसंही फिरवा, मारणारा तोच. जागा बदलली तरी शेपूट धन्याला सोडत नाही. पण हे शेपूट असतं केवढंसं? एक अक्षर, त्यावर जोर नाही, बोलताना पुढच्या शब्दात विरघळतं. आमच्याकडचं 'नं' तर नाकातल्या नाकात जातं. बाकीची पोरं ते नकळत टिपतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच. दादूच्या कानापर्यंत ते येत होतं, पण मनात थांबत नव्हतं. तो शब्दाचं डोकं धरायचा आणि शेपूट सोडून द्यायचा. 'मामा' कळायचं, 'मामाच्या' कळायचं नाही.

असं फक्त मराठीतच होतं असं नाही. इंग्रजी बोलणारी अशी मुलं भूतकाळाचं शेपूट गाळतात. इटलीतली मुलं क्रियापदाची शेपटं बरी सांभाळतात, कारण तिथं ती ठसठशीत असतात, पण क्रियापदाला चिकटलेली इवलीशी सर्वनामं गिळतात. ज्या भाषेचा जो सांधा नाजूक, तिथं पोर अडखळतं. आमचा नाजूक सांधा कुठला, हे कुणी मला डी.एड.ला सांगितलं नव्हतं. तो आहे सामान्यरूपाचा आणि प्रयोगांचा. शेपूट लावायचं तर आधी शब्दाला वाकावं लागतं: घोडा घोड्याला होतो, म्हैस म्हशीला. म्हणजे दुहेरी काम.

इथं एक इशारा द्यायला हवा, नाहीतर माझं वाचून कुणीतरी अख्ख्या वर्गाला विकार चिकटवील. आमच्याकडं 'शाळेत' म्हणत नाहीत, 'शाळंत' म्हणतात. 'माझा'ला 'मव्हा' म्हणतात, 'का'ला 'कामून'. ही चूक नव्हे, ही बोली आहे, आणि तिची शेपटं जागच्या जागी असतात. दादू 'शाळंत'ही म्हणत नव्हता आणि 'शाळेत'ही. तो म्हणायचा 'शाळा'. 'मी शाळा पाणी पिलो.' 'शाळंत' दुरुस्त करणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आणि त्यांत मीही होते. त्या दुरुस्त्यांच्या गडबडीत खरा अडलेला दादू कुणाला ऐकू आला नाही.

तसंच तांड्यावरच्या लेकरांचं. मी दादूसाठी काहीतरी करते हे कळल्यावर शेजारच्या शाळेतून दोन पोरी माझ्याकडं पाठवल्या, 'भाषा कच्ची' म्हणून. मी त्यांच्या आईला एकच विचारलं: घरी तुमच्या गोरमाटी बोलीत कशा बोलतात? आई हसली. म्हणाली, झोपल्याशिवाय तोंड बंद नसतं. मग त्यांना काही झालेलं नाही. त्या दुसरी भाषा शिकत आहेत, एवढंच. धारूरच्या मोहल्ल्यातलं दखनी बोलणारं पोर 'झाड पडला' म्हणालं तर त्याच्या भाषेत नपुंसकलिंगच नाही, ते बिचारं कुठून आणणार? विकार असेल तर तो आईच्या भाषेतही दिसतो. दादूचं घरही मराठी आणि शाळाही मराठी, आणि दोन्हीकडं तो सारखाच अडत होता.

शिकवायचं कसं? इंग्लंडमध्ये सुसान एबेल्स या वाचातज्ज्ञ मोठ्या मुलांना वाक्याचे भाग वेगवेगळ्या आकारांच्या चौकटीत घालून शिकवतात, हे ताईंनी सांगितलं. कर्त्याला एक आकार, क्रियापदाला दुसरा. म्हणजे जे कानाला निसटतं ते डोळ्याला धरता येतं. मला ती कल्पना आवडली, पण ते आकार इंग्रजीच्या मापाचे. मराठीला शेपूट दाखवणारं काहीतरी हवं होतं. मंगळवारच्या बाजारातून प्लास्टिकच्या बांगड्या आणल्या, लाल आणि हिरव्या, दहा-दहा रुपयांना डझन.

लाल बांगडी म्हणजे 'नं'. हिरवी म्हणजे 'ला'. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं: कुत्रा, मांजर, आजी, पप्या, दादू स्वतः. ज्यानं केलं त्याला लाल, ज्याला झालं त्याला हिरवी. मी म्हणायचे, "मांजरानं... कुत्र्याला... ओढलं," प्रत्येक शेपटावर थांबून, आणि दादू बांगड्या चढवायचा. पहिले आठ-दहा दिवस तो पहिल्या चित्राला डोळे झाकून लाल बांगडी घालत होता. पहिला तो करणारा, ही त्याची समजूत. "कुत्र्याला मांजरानं ओढलं" म्हटलं तरी लाल बांगडी कुत्र्याच्याच गळ्यात. मग मी चित्रांची जागा फिरवत राहिले आणि शेपूट आलं की बांगडी हवेत उचलून खुळखुळवायचे. अकराव्या का बाराव्या दिवशी त्याचा हात कुत्र्यापर्यंत गेला, थांबला, 'नं' ऐकू येईपर्यंत तसाच थांबला, आणि मांजराकडं वळला. मी काही बोलले नाही. पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं. पुन्हा हात थांबला. आता तो शेपटाची वाट बघत होता.

रोज मधल्या सुट्टीआधीची दहा मिनिटं. त्याहून जास्त नाही, पण एक दिवसही खाडा नाही. अशा लेकराला एक शेपूट इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकावं लागतं.

मग क्रियापद. तिथं मी स्वतःच चक्रावले. 'दादू आला', 'दादूनं भाकर खाल्ली', 'दादूनं पप्याला मारलं'. आला, खाल्ली, मारलं. क्रियापद कुणाच्या मागं जातं? मोरो केशव दामल्यांचं १९११चं शास्त्रीय व्याकरण मी नावापुरतं ऐकून होते, आता उघडलं. कर्तरी, कर्मणी, भावे. परीक्षेला लिहिले होते, समजले नव्हते. दादूला समजेल असं करता करता मलाच समजले. क्रियापद म्हणजे वासरू. ते खुंट्याला बांधायचं. पहिला खुंटा कर्त्याचा. त्याच्या गळ्यात बांगडी नसेल तर वासरू तिथंच: दादू आला, आजी आली. कर्त्यानं लाल बांगडी घातली की तो खुंटा बंद. वासरू दुसऱ्याकडं, म्हणजे कर्माकडं: दादूनं भाकर खाल्ली, दादूनं पेरू खाल्ला. आणि त्या दुसऱ्यानंही हिरवी घातली असेल तर तोही बंद. मग वासरू मोकळं, कुणाचंच नाही: मारलं. दादूनं पप्याला, आजीनं मुलींना, कुणीही कुणालाही, मारलं ते मारलंच.

सुतळीचं दावं, शेणकुटाला टोचलेल्या काड्यांचे खुंटे आणि दादूनंच केलेलं चिखलाचं वासरू. हा खेळ सगळ्या वर्गानं मागितला. भावे प्रयोग तिसरीत शिकवल्याबद्दल कुणी मला नोटीस काढली नाही, कारण कुणाला ते कळलं नाही.

एक दिवस दादूनंच मला अडवलं. वाक्य होतं, 'मी भाकर खाल्ली.' त्यानं 'मी'कडं बोट दाखवलं. गळ्यात बांगडी नाही. मग वासरू भाकरीकडं का गेलं? त्यानं लाल बांगडी उचलली, 'मी'च्या चित्राला घातली आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियमात तो बरोबर होता आणि भाषा चूक.

उत्तर त्याच्या घरी मिळालं. संध्याकाळी आजीला भेटायला गेले होते. आजी चुलीपुढून म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं त्याला, पाऊस यील म्हून." म्या! आजीच्या बोलण्यात 'मी'ला लाल बांगडी होती. 'म्या भाकर खाल्ली', 'त्वा पाहिलं'. ज्ञानेश्वरीत हीच रूपं 'मियां', 'तुवां' अशी भेटतात. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ज्या विवेकसिंधूला मराठीतला आद्य ग्रंथ मानतात तो त्यांचाच, शके १११०चा. म्हणजे जुन्या मराठीनं हे शेपूट नीट सांभाळलं होतं, प्रमाण मराठीनं ते पुसलं आणि अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आजीनं ते चुलीपुढं जपून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात 'म्या' म्हणायला सुरुवात केली. "म्या भाकर खाल्ली. म्या पेरू खाल्ला." एका सहकाऱ्यानं नाक मुरडलं, की बाई पोरांना गावंढळ शिकवतात. शिकवते. दादूला ते ऐकू येतं. पाचवीत गेल्यावर 'मी' करील.

माझ्याकडून चुकाही झाल्या, त्यातली एक सांगते. आश्विनात आमचा बालाघाट सीताफळांनी भरलेला असतो. लिंगासाठी मी पाटीत तीन वस्तू घेतल्या: पेरू, भाकर, सीताफळ. खाल्ला, खाल्ली, खाल्लं. खाता खाता शिकायचं. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी मला दुर्बुद्धी सुचली. दादूनं सीताफळाकडं हात केला तेव्हा मी ते मागं घेतलं. "आधी नीट म्हण, मग देते." त्यानं हात खाली घेतला. मग चार दिवस तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, बांगड्यांनाही हात लावला नाही. लेकरू उपाशी नव्हतं, घरी टोपलीभर सीताफळं होती. पण बोलणं म्हणजे परीक्षा, हे त्याला आयुष्यभर सगळ्यांनी शिकवलं होतं, आणि मी त्यात भर घातली. पाचव्या दिवशी मी त्याच्यापुढं सीताफळ ठेवलं आणि स्वतःच बडबडत एक खाल्लं. "म्या सीताफळ खाल्लं. गोड निघालं. बिया थुंकल्या." तो खाऊ लागला. बऱ्याच वेळानं एक बी थुंकून म्हणाला, "बी थुंकली." बीचं लिंग त्याला मी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून चूक काढायची नाही, असं ठरलं. त्यानं 'आई भाकर केला' म्हटलं तर "हो का? आईनं भाकर केली?" एवढंच म्हणायचं आणि पुढं जायचं. त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं नाही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी दुसरं काय करते?" खरंच, ती पहिल्यापासून तेच करत होती. मी बीडहून प्रशिक्षणं घेऊन आले होते.

सामान्यरूपासाठी किल्ल्यावर नेलं. सहलच ती, पण मनात हिशेब होता. आदिलशाहीतल्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात बांधलेला आमचा धारूरचा किल्ला पोरांना धावायला उत्तम. किल्ला, किल्ल्यात. दरवाजा, दरवाज्यातून. बुरूज, बुरुजावर. तळं, तळ्यात. भिंत, भिंतीवर. 'वर' म्हटलं की खरोखर वर चढायचं, 'खाली' म्हटलं की उतरायचं. शब्द वाकतो तसं अंगही वाकवायचं: दरवाज्यातून जाताना सगळ्यांनी कमरेत वाकून 'दरवाज्या' म्हणायचं आणि पलीकडं निघून 'तून'. रखवालदार बराच वेळ आमच्याकडं बघत होता. दादू बुरुजावर उभा राहून 'बुरूजवर' म्हणाला. वाकणं राहिलं, पण 'वर' होतं. मी वहीत टिंब काढलं. त्या वहीत टिंब म्हणजे शेपूट आलं, शब्द वाकला नाही; चांदणी म्हणजे दोन्ही. पहिल्या पाच महिन्यांत चांदण्या कमीच आहेत.

दिवाळीनंतर आई-बाप गेले. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल घेतलेली, थांबता येत नाही. दादू आजीपाशी. आठवड्यातून दोनदा आईचा फोन यायचा, रात्री, तळावरून. आजी सांगायची, फोनवर तो नुसता 'हं' करायचा आणि फोन आजीकडं द्यायचा. साहजिक होतं. समोर माणूस असलं की त्याचे हात बोलायचे. फोनमध्ये हात दिसत नाहीत. तिथं शेपटावाचून चालत नाही. मग आम्ही बांगड्यांचा खेळ फोनचा केला. मध्ये पोत्याचा पडदा, एकीकडं दादू, दुसरीकडं पप्या. (हो, तोच. दोघांची आता गट्टी आहे.) दादूनं चित्र बघून सांगायचं, पप्यानं पलीकडं बांगड्या चढवायच्या, शेवटी पडदा काढून दोन्ही चित्रं ताडून बघायची. पप्याच्या बांगड्या चुकल्या की दादू चिडायचा. चिडून परत सांगायचा, आणि त्या वेळी शेपूट जोरात यायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी आजी हाताला फडकं बांधून शाळेच्या फाटकात आली. दावणीला बांधताना म्हशीनं धडक दिली होती. मोडलं नव्हतं, खरचटलं होतं. पण ती दुखणं सांगायला आली नव्हती. रात्री आईचा फोन आला तेव्हा आजी हळद लावत बसली होती, म्हणून दादूनं उचलला, आणि 'हं' न करता पहिल्यांदा स्वतःहून बोलला. काय बोलला ते आजीनं मला जसंच्या तसं सांगितलं:

"आई, आजीला म्हैसनं पाडलं."

आजी आधी, म्हैस नंतर. पहिला तो करणारा, हा त्याचा जुना हिशेब मोडला होता. दोन्ही बांगड्या जागेवर. वासरू मोकळं. तिकडून आई लगेच म्हणाली, "लई लागलं का रं तिला?"

म्हैसचं 'म्हशी' करायचं राहिलं होतं. वहीत त्या दिवसापुढं टिंब आहे. 'म्हशीनं' आम्ही पुढच्या सोमवारी घेतलं.